चार्ल्स डिकन्स

चार्ल्स जॉन हफम डिकन्स (७ फेब्रुवारी, १८१२ - ९ जून, १८७०) हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश कादंबरीकार, पत्रकार व संपादक होते. 'ऑलिव्हर ट्विस्ट', 'डेव्हिड कॉपरफील्ड', 'ब्लीक हाउस', 'लिटल डॉरिट', 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' इत्यादी कादंबऱ्यांमुळे ते जगभर ओळखले जातात. लंडनमधील गरीब वस्त्या, कर्जदारांचे तुरुंग, अनाथालये, कचेऱ्या आणि श्रीमंतांचे दिवाणखाने यांचे त्यांच्याइतके विस्तृत चित्रण त्यांच्या काळात दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल. या चित्रणाचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांनी अनेक घरे बदलली, आणि घराबरोबर कुटुंबाचा समाजातील दर्जाही बदलत गेला. मध्यमवर्गीय घरातून मजुरीच्या वखारीपर्यंत झालेली घसरण त्यांनी आयुष्यभर जवळजवळ सर्वांपासून लपवून ठेवली. परंतु त्यांच्या लेखनात ती पुनःपुन्हा प्रकट झाली.

कौटुंबिक पार्श्वभूमी

चार्ल्स यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ या बंदराच्या लँडपोर्ट भागात झाला. आठ भावंडांत ते दुसरे. त्यांच्याहून मोठी बहीण फॅनी. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या वेतन कचेरीत कारकून होते. आई एलिझाबेथ या माहेरच्या बॅरो.

दोन्ही घराण्यांची सामाजिक स्थिती डळमळीत होती. जॉन यांचे वडील क्रू या जमीनदार घराण्याच्या वाड्यात सेवकवर्गाचे प्रमुख होते आणि आई त्याच घराण्याची घरव्यवस्था पाहत असे. अशा रीतीने जॉन यांचे बालपण श्रीमंतांच्या वाड्यात, परंतु नोकरांच्या बाजूला गेले. उंची राहणीची आणि आर्जवी, डौलदार बोलण्याची त्यांना लागलेली सवय या वाड्यातील असावी, असे अनेक चरित्रकारांचे मत आहे. एलिझाबेथ यांचे वडील चार्ल्स बॅरो नौदलाच्या कचेरीतच वरच्या पदावर होते. मात्र सरकारी पैशांचा अपहार उघडकीस आल्यावर १८१० साली त्यांनी देश सोडून पळ काढला. सभ्य गृहस्थाचा दर्जा टिकवण्याची धडपड आणि तो गमावण्याची भीती अशा रीतीने या घरात चार्ल्सच्या जन्माआधीपासूनच होती.

चॅटममधील वर्षे

वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब पोर्ट्समथहून लंडनला आणि तेथून १८१७ मध्ये केंट परगण्यातील चॅटम येथे गेले. चॅटम हे नौदलाच्या गोदीचे गाव होते. कुटुंब प्रथम ऑर्डनन्स टेरेस या उंचावरील ओळीतील घरात राहिले. समोर मोकळे मैदान, शेजार कचेरीतील व सैन्यातील लोकांचा. १८२० च्या सुमारास जॉन यांचे वार्षिक उत्पन्न ३५० पौंडांच्या आसपास होते. एवढ्या पैशांत एक मध्यमवर्गीय कुटुंब दोन नोकर ठेवून सुखाने राहू शकत असे. परंतु जॉन यांचा खर्च मिळकतीपेक्षा नेहमीच अधिक असे. १८२१ मध्ये कुटुंबाला सेंट मेरीज प्लेस या खालच्या, गोदीनजीकच्या वस्तीतील लहान घरात जावे लागले. घरांच्या उतरंडीची ही पहिली पायरी होय.

तरीही चार्ल्सच्या दृष्टीने हा काळ सुखाचा ठरला. आईने त्याला अक्षरओळख करून दिली. विल्यम जाइल्स या तरुण शिक्षकाच्या शाळेत त्याची बुद्धी चमकू लागली. वडिलांच्या छोट्या ग्रंथसंग्रहातील फील्डिंग आणि स्मॉलेट यांच्या कादंबऱ्या, 'रॉबिन्सन क्रूसो', 'डॉन किहोटे' आणि 'अरेबियन नाइट्स' त्याने याच काळात वाचून काढली. वडिलांबरोबर फिरायला जाताना रोचेस्टरजवळच्या गॅड्स हिल या टेकडीवरील एक टुमदार घर त्याला दिसे. खूप कष्ट केले तर पुढेमागे अशा घरात राहता येईल, असे वडील त्याला सांगत. हे वाक्य त्या मुलाच्या मनात घर करून राहिले.

कॅम्डन टाउन

१८२२ मध्ये जॉन यांची बदली पुन्हा लंडनला झाली. कुटुंब कॅम्डन टाउनमधील बेअम स्ट्रीटवर एका लहान घरात राहू लागले. कॅम्डन टाउन तेव्हा शहराच्या कडेला होते; अर्धवट बांधलेल्या गल्ल्या, मागे शेते आणि शेजारी हातावर पोट असणारी कुटुंबे असे त्याचे स्वरूप होते. दहा वर्षांच्या चार्ल्सला ना शाळा होती, ना बरोबरीचे सवंगडी. वडिलांचे बूट पुसणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि बाजारहाट करणे ही त्याची कामे झाली.

याच सुमारास, १८२३ मध्ये, फॅनीला रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संगीतसंस्थेत प्रवेश मिळाला. तिच्या शिक्षणासाठी पैसे उभे राहिले, चार्ल्सच्या शिक्षणासाठी मात्र राहिले नाहीत. फॅनीवर त्याचे प्रेम होते. तरी हा भेद त्याला खोलवर लागला.

कर्ज वाढत गेल्यावर आईने स्वतःची शाळा काढण्याचे ठरवले. त्यासाठी गॉवर स्ट्रीटच्या उत्तर टोकाला मोठे घर भाड्याने घेतले, दारावर पितळी पाटी लावली आणि चार्ल्सने घरोघरी जाऊन माहितीपत्रके वाटली. एकही विद्यार्थी आला नाही. मग घरातील वस्तू एकेक करून विकण्याची आणि गहाण टाकण्याची वेळ आली. आरंभ चार्ल्सच्या आवडत्या पुस्तकांपासून झाला. ती विकायला त्यालाच पाठवण्यात येई.

वॉरनची वखार

फेब्रुवारी १८२४ मध्ये, बारा वर्षे पूर्ण होताच, चार्ल्सला कामावर धाडण्यात आले. आईच्या नात्यातील जेम्स लॅमर्ट हे थेम्स नदीच्या काठी हंगरफर्ड स्टेअर्स येथे असलेल्या वॉरन यांच्या बूटपॉलिशच्या वखारीचा कारभार पाहत असत. त्यांनीच ही नोकरी देऊ केली. पॉलिशच्या डब्यांवर कागद बसवणे, दोरीने बांधणे आणि वर छापील चिठ्ठी चिकटवणे हे काम दिवसाला सुमारे दहा तास करावे लागे. मोबदला आठवड्याला सहा किंवा सात शिलिंग. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. इमारत जुनी व मोडकळीस आलेली होती आणि तिच्या तळघरात उंदरांचा सुळसुळाट होता.

त्या काळातील लंडनमध्ये बारा वर्षांच्या मुलाने काम करणे ही नवलाईची गोष्ट नव्हती. मजुरांची मुले याहून लहान वयात कामाला लागत. चार्ल्सच्या बाबतीत दुःख वेगळे होते. आपण शिकणार, मोठे होणार असे ज्याने मनात धरले होते, त्याला आपले शिक्षण कायमचे संपले असे वाटू लागले, आणि आई-वडिलांना याचे काहीच वाटत नाही हे पाहून तो अधिकच खचला. वखारीतील इतर मुले त्याच्या बोलण्या-वागण्यावरून त्याला सभ्य घरातील छोटा साहेब समजत. तो त्यांच्याशी मिळून-मिसळून वागे, काम चोख करी. पण आपल्या घरची हकिकत मात्र कोणाला कळू देत नसे.

मार्शलसी तुरुंग

चार्ल्स कामावर लागल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, २० फेब्रुवारी १८२४ रोजी, सुमारे ४० पौंडांच्या कर्जापायी जॉन यांना अटक झाली. त्यांची रवानगी थेम्सच्या दक्षिणेस सदर्क भागातील मार्शलसी तुरुंगात झाली. तत्कालीन कायद्यानुसार सावकाराच्या फिर्यादीवरून कर्जदाराला तुरुंगात ठेवता येत असे. तुरुंगात असलेला मनुष्य मिळवणार कसा आणि कर्ज फेडणार कसे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याजवळ नव्हते. कर्जदाराच्या कुटुंबाला मात्र त्याच्याबरोबर आत राहण्याची मुभा होती. काही आठवड्यांनी गॉवर स्ट्रीटचे घर मोडून आई व धाकटी भावंडे तुरुंगात राहायला गेली.

येथे त्या काळच्या वर्गव्यवस्थेचे एक विलक्षण अंग दिसते. जॉन यांचा सरकारी पगार चालू होता. त्यामुळे तुरुंगात कुटुंबाची खाण्यापिण्याची आबाळ झाली नाही. चॅटमच्या अनाथालयातून आणलेली एक मुलगी त्यांच्याकडे कामाला होती. ती जवळपास खोली घेऊन राहू लागली आणि रोज सकाळी तुरुंगात येऊन कामे करू लागली. कर्जापायी कैदेत असलेल्या कुटुंबालाही मोलकरीण सुटली नव्हती, आणि त्या घरचा बारा वर्षांचा मुलगा मात्र वखारीत मजुरी करत होता.

चार्ल्सची सोय प्रथम कॅम्डन टाउनमध्ये एका बाईंच्या घरी करण्यात आली. तेथून वखार चार-पाच किलोमीटर दूर, आणि कुटुंब नदीपलीकडे. आठवड्याच्या मजुरीचे सहा दिवसांचे सहा वाटे करून, प्रत्येकावर वाराचे नाव लिहून तो ते जपून ठेवी. तरी कधी शिळ्या मिठाईच्या मोहात दुपारच्या जेवणाचे पैसे संपून जात. रविवारी फॅनीला घेऊन तो तुरुंगात जाई. एकटेपणा असह्य होऊन त्याने वडिलांजवळ रड केली, तेव्हा त्याला तुरुंगाजवळच लँट स्ट्रीटवर एक माळ्यावरची खोली घेऊन देण्यात आली. आता सकाळ-संध्याकाळ घरच्यांबरोबर जेवता येऊ लागले.

या काळातील एक प्रसंग त्याच्या मनःस्थितीवर प्रकाश टाकतो. एके दिवशी वखारीत पोटशूळ उठून तो आडवा झाला. बॉब फेगन नावाच्या थोड्या मोठ्या सोबत्याने कोमट पाण्याच्या बाटल्यांनी त्याची कूस शेकली आणि संध्याकाळी त्याला घरी पोहोचवण्याचा आग्रह धरला. आपले घर तुरुंगात आहे हे सांगणे चार्ल्सला शक्य नव्हते. सदर्क पुलाजवळच्या एका परक्या घराच्या पायऱ्यांवर तो थांबला, हेच आपले घर असे भासवून त्याने बॉबचा निरोप घेतला. बॉबने मागे वळून पाहिले तर शंका नको, म्हणून त्याने दारही ठोठावले, आणि दार उघडणाऱ्या बाईला बॉब फेगन येथेच राहतात का, असे विचारले. पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील मुलांकडून चोऱ्या करवणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी याच मुलाचे आडनाव दिले. जो मुलगा मायेने वागला त्याचे नाव खलपात्राला का मिळाले, याचा विचार अनेक अभ्यासकांनी केला आहे. त्या मायेमुळे आपण कायमचे त्याच वर्गातले होऊन जाऊ ही धास्ती त्यामागे असावी, असे एक मत आहे.

त्याच वर्षी फॅनीला तिच्या संस्थेत पदक मिळाले. तो समारंभ पाहताना चार्ल्सला रडू आवरेना. मत्सर आपल्या मनात नव्हता, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. आपण अशा मानापासून किती दूर फेकले गेलो, याचे ते दुःख होते.

सुटका आणि शिक्षण

सुमारे तीन महिन्यांनी, मे १८२४ मध्ये, दिवाळखोर कर्जदारांसाठीच्या कायद्याचा आधार घेऊन जॉन तुरुंगातून सुटले. त्याच सुमारास त्यांची आई वारली व तिच्या मृत्युपत्रान्वये त्यांना ४५० पौंड मिळायचे होते. परंतु चार्ल्सचे काम चालूच राहिले. वखार आता चँडॉस स्ट्रीटवर गेली होती. तेथे उजेडासाठी मुलांना खिडकीत बसवत आणि त्यांच्या हातांची चपळाई पाहायला रस्त्यावरचे लोक थांबत. कधी वडीलही येत.

अखेर जॉन व लॅमर्ट यांचे भांडण होऊन चार्ल्सचे काम सुटले. आईने दुसऱ्याच दिवशी समेट घडवून आणला व मुलाला परत पाठवण्याची तयारी केली. वडिलांनी नकार दिला आणि मुलाला शाळेत घालायचे ठरवले. आईचा हा प्रयत्न चार्ल्स कधीच विसरले नाहीत. घरखर्चाची चिंता आईच्याच शिरावर होती, हे ध्यानात घेता तिचा निर्णय निर्दयपणाचा म्हणता येत नाही. मात्र मुलाच्या मनावर उमटलेला ओरखडा तसाच राहिला.

त्यानंतर १८२७ पर्यंत चार्ल्स हॅम्पस्टेड रोडवरील वेलिंग्टन हाउस अकॅडमीत शिकले. शाळा सामान्य होती व मुख्याध्यापक मारकुटे होते. पण वर्गमित्रांत ते रमले. आपण वखारीत होतो हे त्यांनी तेथे कोणास कळू दिले नाही. १८२७ मध्ये भाडे थकल्याने कुटुंबाला पुन्हा घर सोडावे लागले आणि शाळा संपली.

कारकुनी, लघुलेखन आणि पहिली प्रसिद्धी

पंधराव्या वर्षी ते ग्रेज इन येथील एका वकिली कचेरीत कनिष्ठ कारकून झाले. ही बढती नसलेली नोकरी सोडण्यासाठी त्यांनी स्वतःच्या बळावर लघुलेखन शिकून घेतले. अठरावे वर्ष लागल्यावर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचे सदस्यत्व त्यांनी मिळवले आणि राहिलेले शिक्षण तेथे भरून काढले. न्यायालयाचे व नंतर संसदेचे वृत्तलेखक म्हणून त्यांनी नाव कमावले.

१८३० च्या सुमारास बँक व्यवसायातील कुटुंबातील मराया बीडनेल या तरुणीवर त्यांचे प्रेम बसले. धड घर नसलेल्या, वडील कर्जबाजारी असलेल्या वार्ताहराला त्या घरात स्थान मिळणे कठीण होते. १८३३ मध्ये हे संबंध संपले. पैसा आणि मान मिळवण्याची त्यांची जिद्द यामुळे अधिकच तीव्र झाली.

डिसेंबर १८३३ मध्ये त्यांची पहिली कथा छापून आली. लंडनमधील रस्ते, दुकाने, गहाणवटीच्या पेढ्या यांवरील त्यांचे लेख १८३६ मध्ये 'स्केचेस बाय बॉझ' या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २ एप्रिल रोजी कॅथरिन होगार्थ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 'पिकविक पेपर्स' मासिक भागांतून सुरू झाले. आरंभी सुमारे ४०० प्रती खपणाऱ्या या मालिकेचा खप शेवटी ४०,००० वर गेला. तीन खंडांची नवी कादंबरी तेव्हा दीड पौंडाहून अधिक किमतीला मिळे. 'पिकविक'चा एक भाग एका शिलिंगला मिळत होता. त्यामुळे दुकानदार, कारकून, नोकरवर्ग असा नवा वाचक कादंबरीला लाभला. एक प्रत विकत घेऊन अनेकांनी मिळून ऐकणे ही प्रथाही रूढ झाली.

चढत्या क्रमाची घरे

पुढील आयुष्यात डिकन्स यांची घरे उलट्या क्रमाने, वरच्या दिशेने बदलत गेली. १८३७ मध्ये फर्निव्हल्स इनमधील खोल्या सोडून ते डाउटी स्ट्रीटवरील ४८ क्रमांकाच्या घरात गेले. रस्त्याच्या दोन्ही टोकांना फाटके व पहारेकरी असलेली ती प्रतिष्ठितांची वस्ती होती. 'ऑलिव्हर ट्विस्ट' येथेच पूर्ण झाली. १८३९ मध्ये ते रीजंट्स पार्कजवळील डेव्हनशायर टेरेस येथे आणि १८५१ मध्ये टॅव्हिस्टॉक हाउस येथे गेले. १८५६ मध्ये त्यांनी १,७९० पौंडांना गॅड्स हिलचे घर विकत घेतले. वडिलांनी बालपणी दाखवलेले ते हेच घर होय. जॉन मात्र ते पाहायला हयात नव्हते; त्यांचा मृत्यू १८५१ मध्ये झाला होता.

वडिलांची कर्जे डिकन्स यांना शेवटपर्यंत फेडावी लागली. मुलाच्या नावावर जॉन उसनवारी करू लागले, तेव्हा अशा कर्जाला आपण जबाबदार नाही अशी जाहीर सूचना १८४१ मध्ये वर्तमानपत्रांतून द्यावी लागली. तरीही वडिलांविषयी त्यांच्या मनात जिव्हाळा होता. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधील सदा कर्जात बुडालेला, पण आशावादी मिकॉबर त्यांच्यावरूनच रेखाटला आहे.

साहित्यातील वस्त्या आणि वर्ग

'ऑलिव्हर ट्विस्ट' (१८३७-३९) ही १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यावर आणि त्यानुसार चालणाऱ्या अनाथालयांवर टीका करते. 'ए ख्रिसमस कॅरल' (१८४३) मधील गरीब कारकून क्रॅचिट याचे घर लेखकाच्या परिचयाच्या कॅम्डन टाउनमध्ये आहे. 'ब्लीक हाउस' (१८५२-५३) मध्ये एका पडक्या वस्तीतील साथ श्रीमंतांच्या घरापर्यंत पोहोचते. शहरात वस्त्या वेगळ्या असल्या तरी त्यांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले असते, हा विचार तेथे कथानकातूनच मांडला जातो. 'हार्ड टाइम्स' (१८५४) गिरणीच्या गावात घडते. 'लिटल डॉरिट' (१८५५-५७) ची नायिका मार्शलसी तुरुंगातच जन्मते. कुटुंब श्रीमंत झाल्यावरही तिच्या वडिलांच्या मनातून तुरुंग जात नाही.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) मध्ये हा विषय सर्वांत परखडपणे येतो. लोहाराच्या घरी वाढलेल्या पिपला अचानक धन मिळते, तो लंडनचा सभ्य गृहस्थ बनतो आणि ज्याने त्याला वाढवले त्या लोहाराचीच त्याला लाज वाटू लागते. गरिबीपेक्षा गरिबीची लाज माणसाला अधिक लहान करते, हे सत्य लेखकाने येथे स्वतःलाही लागू केले आहे, असे मानले जाते.

सामाजिक कार्य

१८४३ मध्ये डिकन्स यांनी फील्ड लेन येथील रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवलेल्या मोफत शाळेला भेट दिली व तिच्यासाठी मदत मिळवण्याचा प्रयत्न केला. धनाढ्य दानशूर अँजेला बर्डेट-कूट्स यांच्या साह्याने १८४७ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश भागात निराधार स्त्रियांसाठी 'युरेनिया कॉटेज' हे आश्रयगृह सुरू झाले. त्याच्या दैनंदिन कारभारात डिकन्स यांनी अनेक वर्षे लक्ष घातले. १८५० पासून त्यांनी 'हाउसहोल्ड वर्ड्स' हे दोन पेन्स किमतीचे साप्ताहिक चालवून सांडपाणी, घरे, शिक्षण यांविषयीचे लेख सामान्य वाचकांपर्यंत नेले.

मर्यादा आणि कौटुंबिक जीवन

डिकन्स यांची सहानुभूती सर्वत्र सारखी नव्हती. १८५७ च्या भारतातील उठावानंतर त्यांनी खासगी पत्रव्यवहारात भारतीयांविषयी अत्यंत क्रूर उद्गार काढले. लंडनच्या गल्लीतील अनाथासाठी द्रवणारे मन वसाहतीतील लोकांच्या बाबतीत कठोर झाले, हे त्यांच्या वाचकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. फेगन या ज्यू पात्राच्या चित्रणावर आक्षेप आल्यावर मात्र त्यांनी नंतरच्या आवृत्तीत बदल केले आणि 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये एक सज्जन ज्यू पात्र रंगवले.

त्यांना दहा अपत्ये झाली. १८५८ मध्ये ते पत्नीपासून विभक्त झाले. एलन टर्नन या तरुण अभिनेत्रीशी असलेले त्यांचे संबंध गुप्त ठेवण्यात आले आणि कॅथरिन यांना जाहीर मानहानी सोसावी लागली. दुसरा मुलगा वॉल्टर सैन्यात दाखल होऊन १८५७ मध्ये भारतात आला. ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्ता येथे वयाच्या बावीसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या मागे कर्ज उरले होते. आजोबांची सवय नातवातही उतरली, याचे डिकन्स यांना वैषम्य वाटे.

अखेरची वर्षे

१८५८ पासून डिकन्स यांनी आपल्या साहित्याचे जाहीर वाचन व्यावसायिक रीतीने सुरू केले. १८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांना मोठी कमाई झाली; परंतु प्रकृती ढासळली. ९ जून १८७० रोजी गॅड्स हिल येथे त्यांचे निधन झाले. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबीच्या 'कवींच्या कोपऱ्या'त त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची मालमत्ता सुमारे ९३,००० पौंडांची भरली. कर्जाबद्दल होणारी कैद इंग्लंडमध्ये १८६९ च्या कायद्याने बहुतांशी रद्द झाली होती, म्हणजे हा बदल त्यांनी हयातीत पाहिला.

उघड झालेले गुपित

वखारीतील दिवसांची हकिकत डिकन्स यांनी १८४० च्या दशकात आत्मचरित्राच्या एका अपूर्ण लेखनात नोंदवून ती मित्र जॉन फॉर्स्टर यांच्याकडे दिली. पुढे ते आत्मचरित्र सोडून त्यांनी त्यातील बराच भाग 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये वापरला. हंगरफर्ड स्टेअर्सचा परिसर पाडला जाईपर्यंत त्या बाजूला जाण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. त्यांच्या मुलांना आणि वाचकांना ही हकिकत त्यांच्या मृत्यूनंतर फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातूनच समजली. ज्या लेखकाने गरीब मुलांचे दुःख साऱ्या देशाला ऐकवले, त्याला स्वतःचे दुःख जिवंतपणी जवळजवळ कोणालाच सांगता आले नाही.

वारसा

डाउटी स्ट्रीटवरील घरात १९२५ पासून डिकन्स संग्रहालय आहे. पोर्ट्समथ येथील जन्मघरही संग्रहालय म्हणून जतन केले आहे. मार्शलसी तुरुंग १८४२ मध्ये बंद झाला. त्याच्या आवाराची एक भिंत सदर्कमध्ये आजही उभी आहे.